वाचकांचे प्रश्न : फाटका आवाज, तुटका आवाज

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, आणि दर शनिवारी आमच्या वाचक गटाची ऑनलाइन मीटिंग असते. जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. यूएसबी हेडसेट नवा घेतला. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये वाचताना 'भ', 'फ' आले की आवाज फाटतो, आणि मध्येच कडकड असं काहीतरी येतं. मीटिंगमध्ये सुरुवातीला ठीक असतं, थोड्या वेळाने सगळे म्हणायला लागतात, "मावशी, आवाज फाटतोय." मी आवाज कमी करते, तर फाटलेलाच राहतो, फक्त हळू येतो. लॅपटॉपला दोनच पोर्ट आहेत, म्हणून हेडसेट, कॅमेरा आणि हार्ड डिस्क एकाच हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) लावते. मुलीच्या विंडोज लॅपटॉपवर हाच हेडसेट बरा चालतो. हेडसेट बदलू का? भाचा म्हणतो, लिनक्सच काढून टाकू.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, हेडसेटही बदलू नका आणि लिनक्सही काढू नका. भाच्याला म्हणावं, थोडा दम धर.

तुमचं पत्र मला आवडलं, कारण 'माईक खराब आहे' एवढंच लिहून तुम्ही थांबला नाहीत. मी बरीच वर्षं नाटकांच्या प्रयोगांना ध्वनिव्यवस्था बघितली आहे, तुमच्याकडच्या गडकरी रंगायतनमध्ये आणि आमच्या वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही. तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात की आवाज 'खराब' नसतो. तो फाटतो, तुटतो, गुणगुणतो, नाहीतर त्याचा सूर सरकतो. चारही दुखणी वेगळी, चारांचं औषध वेगळं. लोक सगळ्यांना एकच नाव देतात आणि इंटरनेटवर सापडेल ती आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवतात. मग मूळ दुखणं राहतं बाजूला आणि नवंच होऊन बसतं.

तुमच्याकडे यातली दोन आहेत. 'भ'ला होतं ते फाटणं आणि मध्येच येते ती कडकड, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे एकाचा उपाय करून दुसरं गेलं नाही, तर निराश होऊ नका.

आधी फाटणं. माईकमधून आलेली वीज हेडसेटच्या आतली चिप आकड्यांत बदलते. १६ बिटमध्ये हा आकडा ३२७६७ च्या वर जाऊच शकत नाही. आवाज त्याहून मोठा आला की लाटेचा माथा कापला जातो, सपाट होतो, आणि कानाला ते फाटल्यासारखं लागतं. हे कापणं हेडसेटच्या आतच घडतं. लिनक्सकडे येईपर्यंत लाट कापलेलीच असते. म्हणून नंतर आवाज कमी केला तर ती कापलेली लाट नुसती लहान होते. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक केला म्हणून ते पातेल्यात परत येत नाही. "फाटलेलाच राहतो, फक्त हळू येतो" हे तुमचं वाक्य वाचलं आणि निम्मं निदान तिथेच झालं.

याची खात्री करायला एक रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडा आणि 'भ' जिथे फाटला तिथे लाट खूप मोठी करून बघा. माथे गोल असायला हवेत. ते सपाट असतील, कात्रीने कापल्यासारखे, तर विषय संपला. इथे एक गोम आहे, आणि ती जाणकारांनाही चकवते. सपाट माथे पट्टीच्या अगदी वरच्या टोकालाच असतील असं नाही. आधी चिपमध्ये कापलं गेलं आणि नंतर सॉफ्टवेअरने आवाज कमी केला, तर ते अर्ध्या उंचीवरही दिसतात. अशा वेळी ऑडॅसिटीचा मीटर लाल होत नाही, 'क्लिपिंग दाखवा' हा पर्यायही काही दाखवत नाही, आणि माणूस म्हणतो, लेव्हल तर बरोबर आहे! मीटर तुम्हाला शेवटचा आकडा सांगतो, मधल्या वाटेत काय झालं ते सांगत नाही. तेव्हा लाटेचा आकार बघा.

आता उपाय. टर्मिनल उघडा आणि अल्सामिक्सर हा शब्द टाका. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टाका. अल्सा हा लिनक्सच्या आवाजाचा सगळ्यात खालचा थर. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६ आवृत्तीपासून, म्हणजे २००३ पासून, तो कर्नेलचाच भाग आहे. त्याच्या वर तुमच्या मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ बसलेला असतो. मिंट २२ पासून त्या जागी पाइपवायर आला. सेटिंग्जमधला आवाजाचा एकच पट्टा तुम्हाला दिसतो तो या वरच्या थराचा. खाली हेडसेटची स्वतःची बटणं वेगळी असतात, आणि ती कुणी उघडून बघत नाही.

अल्सामिक्सरमध्ये एफ-६ दाबून हेडसेट निवडा, मग एफ-५ दाबा. हेडसेटचे सगळे पट्टे समोर येतील. त्यात 'ऑटो गेन कंट्रोल' आहे का बघा. सगळ्या हेडसेटमध्ये नसतो, पण स्वस्तातल्या पुष्कळ चिपमध्ये असतो, आणि बऱ्याचदा सुरूच असतो. हा तुम्ही गप्प बसलात की माईक आपोआप वाढवत नेतो, आणि वाक्याचा पहिला शब्द आला की तो शब्द छताला आपटतो. कॉल सेंटरला हे ठीक असेल. पुस्तक वाचणाऱ्याला नाही, कारण वाचणारा माणूस पूर्णविरामाला थांबतो. त्यावर जाऊन 'एम' दाबा. पट्ट्याखाली दोन शून्यं असतील तर तो सुरू आहे, दोन 'एम' दिसले की बंद.

मग माईकचा कॅप्चरचा पट्टा खाली आणा. किती, ते कानानेच ठरवा. मी ध्वनितपासणीला सगळ्या नटांना एकच वाक्य म्हणायला लावायचो : "भर पावसात फाटक्या पिशवीतून पपई पडली." मराठीत महाप्राण अक्षरांचा तोटा नाही, आणि 'भ', 'फ', 'घ', 'ध' यांत श्वासाचा झोत असतो. हे वाक्य तुमच्या नेहमीच्या वाचनाच्या आवाजात, थोडं रंगवून म्हणा. ऑडॅसिटीच्या मीटरची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान (शून्य म्हणजे छत) राहिली की पट्टा तिथेच सोडा. आवाज लहान वाटेल. वाटू दे. लहान आवाज नंतर वाढवता येतो.

वरच्या थरातला पट्टा, म्हणजे सेटिंग्जमधला 'इनपुट', १०० टक्क्यांच्या वर कधीही नेऊ नका. त्यापुढची वाढ निव्वळ आकड्यांचा गुणाकार असते, माईकला त्याने जास्त ऐकू येत नाही.

अल्सामिक्सर बंद केल्यावर 'सुडो', जागा, 'एएलएसएसीटीएल' (अल्साकंट्रोलचं लघुरूप), जागा, 'स्टोअर' एवढं टाकलं की ही मांडणी जपली जाते.

आणि माईक तोंडासमोरून बाजूला घ्या. खरं तर हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं, पण मग कुणी पुढचं वाचत नाही. हेडसेटची दांडी ओठांसमोर आली की 'भ'चा झोत सरळ माईकच्या पडद्यावर बसतो. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, हनुवटीकडे झुकलेली, गालापासून दोन बोटं अंतरावर ठेवा. स्पंजची टोपी असेल तर काढू नका, पांढरी पडली, कशीतरी दिसते म्हणूनसुद्धा नको.

मीटिंगमध्ये 'थोड्या वेळाने' फाटतं, यात कारण दडलं आहे. एखादी वस्तू बिघडलेली असती तर ती पहिल्या वाक्यालाच बिघडलेली असती. हळूहळू बिघडतंय याचा अर्थ कुणीतरी हळूहळू काहीतरी वाढवतंय. क्रोमसारखे ब्राउझर मीटिंगच्या वेळी माईकची पातळी स्वतः वरखाली करतात, आणि लिनक्सवर ते थेट तुमच्या इनपुटचा पट्टा सरकवतात. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचा छोटा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, त्याचा 'इनपुट डिव्हायसेस' हा टॅब उघडा ठेवा आणि पुढच्या शनिवारी मीटिंग सुरू असताना त्याच्याकडे बघत राहा. पट्टा कुणी हात न लावता वर चढताना दिसला की भूत सापडलं.

झूम वापरत असाल तर त्याच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये माईकचा आवाज आपोआप जुळवण्याची खूण असते, ती काढून टाका. ब्राउझरमधून मीटिंग असेल तर तीच मीटिंग फायरफॉक्समधून लावून फरक पडतो का ते बघा. पुढे कधी मिंट २२ वर गेलात, तर पाइपवायरमध्ये एखाद्या प्रोग्रॅमला माईकची पातळी बदलायला बंदी घालण्याची सोय आहे. पाइपवायर-पल्सच्या नियमांत 'ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम' शोधायला भाच्याला सांगा. लिनक्स काढून टाकण्यापेक्षा ते काम त्याला जास्त आवडेल असं वाटतं.

विंडोजवर बरं चालतं, यावरून लिनक्स वाईट असं ठरत नाही. तिथे हेडसेट चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम वेगळा, सुरुवातीची पातळी वेगळी, आणि माझा अंदाज आहे की मुलगी हेडसेट सरळ लॅपटॉपला लावते, हबवर नाही. यावरून कडकडीकडे येऊ.

यूएसबीवर पेनड्राइव्हची माहिती जाताना तुकडा हरवला तर तो परत मागवला जातो. आवाजाचं तसं नसतं. आवाज दर मिलिसेकंदाला एक पाकीट असा वाहतो. ४८००० हर्ट्‌झ (सेकंदाला आवाजाचे एवढे नमुने), १६ बिट (नमुन्याला दोन बाइट), एक माईक, म्हणजे प्रत्येक पाकिटात ९६ बाइट. माहिती अगदी किरकोळ, पण ती वेळेवर पोचायला हवी. पाकीट चुकलं तर परत पाठवत नाहीत, त्या जागी भोक पडतं, आणि ते कानाला 'कट्' असं ऐकू येतं. तुमच्या एका हबवर कॅमेरा आहे, तो सतत चित्रं ढकलतोय. हार्ड डिस्क आहे, ती मनाला येईल तेव्हा जागी होते आणि फिरायला लागताना झटक्यात जास्त वीज ओढते. लॅपटॉपचं यूएसबी २ पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, आणि वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबला तेवढ्यातच सगळ्यांचं भागवावं लागतं. हेडसेट त्या घरातला सगळ्यात गरीब, उपाशी तोच राहतो.

तेव्हा हेडसेट थेट लॅपटॉपला, बाकीचं हबला. रेकॉर्डिंग करताना हार्ड डिस्क काढूनच ठेवा, आधी लॅपटॉपवर साठवा आणि मग डिस्कवर उतरवा. बहुतेक वेळा कडकड एवढ्याने जाते.

नाहीच गेली, तर दोष वरच्या थरात आहे की खाली, ते ठरवायला कच्चं रेकॉर्डिंग करा. ब्राउझर, ऑडॅसिटी, आवाजाच्या सेटिंग्जची खिडकी, सगळं बंद करा, नाहीतर 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर येईल. टर्मिनलमध्ये एरेकॉर्ड (ए आणि रेकॉर्ड जोडून), जागा, डॅश, लहान एल. यातून हेडसेटचा कार्ड क्रमांक कळेल. समजा तो १ आहे. मग : एरेकॉर्ड, जागा, डॅश, कॅपिटल डी, जागा, प्लगएचडब्ल्यू, कोलन, १, जागा, डॅश, एफ, जागा, डॅट, जागा, डॅश, लहान डी, जागा, ३०, जागा, आणि फाइलला द्याल ते नाव. प्लगएचडब्ल्यू हा सलग सहा अक्षरांचा शब्द, पीएलयूजी आणि पुढे एचडब्ल्यू. तीस सेकंद वाचा. हे रेकॉर्डिंग पल्सऑडिओला वळसा घालून थेट हेडसेटमधून येतं. ते स्वच्छ असेल आणि ऑडॅसिटीतलं कडकडत असेल, तर पल्सऑडिओच्या वेळापत्रकाचा घोळ आहे. डीफॉल्ट-डॉट-पीए या फाइलमधल्या यूदेव-डिटेक्टच्या ओळीपुढे 'टीशेड बरोबर शून्य' (टीएससीएचईडी, बरोबरचं चिन्ह आणि ०, सलग) लिहून पल्सऑडिओ पुन्हा सुरू करायचा. हेही भाच्याचं काम. कच्चं रेकॉर्डिंगही कडकडत असेल, तर पोर्ट, तार किंवा हेडसेट यांच्याकडे बघा. तार प्लगपाशी हलवून बघायला विसरू नका.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारून ठेवतो : चार्जर लावल्यावर मागे बारीक 'गूंऽऽ' येतं का? येत असेल तर बॅटरीवर वाचा. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं, आणि त्याला लिनक्स काय करणार?

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. सरावाचं रेकॉर्डिंग उबुंटू लिनक्सवर यूएसबी हेडसेटच्या माईकने करतो. वाजवून बघितलं की आवाज बारीक आणि घाईचा येतो, पेटीशी सूर जुळत नाही. फाटत मात्र नाही.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : किती घाई होते ते मोजा. घड्याळ लावून बरोबर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि फाइलची लांबी बघा. ती ५५ सेकंदांच्या आसपास आली तर उत्तर हातात आलं. हेडसेट सेकंदाला ४४१०० नमुने घेतोय आणि फाइलवर लिहिलंय ४८०००. सूर तेवढ्याने सुमारे दीड पट्टी चढतो, म्हणजे काळी एकचं भजन पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं. तिथे पेटीला पट्टीच नाही, जुळणार कुठून?

रेकॉर्डिंग सुरू असताना प्रॉक या फोल्डरातल्या असाउंडमध्ये तुमच्या कार्डाच्या नावाचं फोल्डर उघडा आणि स्ट्रीम-शून्य ही फाइल वाचा. हेडसेटला कोणकोणते वेग जमतात आणि आत्ता तो प्रत्यक्षात कोणत्या वेगाने चाललाय, दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. जो वेग खरा, तोच ऑडॅसिटीच्या प्रोजेक्ट रेटमध्ये ठेवा. आणि ऑडॅसिटीत माईक निवडताना 'एचडब्ल्यू' असलेली नोंद घेऊ नका, 'डीफॉल्ट' किंवा 'पल्स' घ्या, म्हणजे वेगांची जुळवाजुळव मधला थर करतो. आधीची रेकॉर्डिंग फुकट गेलेली नाहीत. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून त्याचा रेट ४४१०० केला की सूर जागेवर येतो.

एक न विचारलेलं सांगतो. हेडसेटचा माईक एका माणसाच्या तोंडासाठी बनवलेला असतो. टाळ, पखवाज आणि दहा गळे त्याच्यापुढे बसवलेत तर वेग बरोबर असूनही समाधान होणार नाही. त्यापेक्षा कुणाचा तरी मोबाइल खोलीच्या कोपऱ्यात उंचावर ठेवा.

प्रश्न : माझा हेडसेट बिनतारी आहे, छोटा यूएसबी डाँगल लावायचा. ऑफिसच्या कॉलवर असताना बाहेरून लावलेल्या एसएसडी डिस्कवर बॅकअप सुरू झाला की समोरच्यांना माझे शब्द तुटक ऐकू जातात. उबुंटू २४.०४. प्रोसेसरवर ताण नाही, बघितलंय.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : डाँगल आणि एसएसडी शेजारशेजारच्या पोर्टमध्ये आहेत ना? यूएसबी ३ ची तार आणि जोडणी काम करताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. तुमचा डाँगलही बहुधा त्याच पट्ट्यात बोलतो. त्याला हेडसेटचं ऐकूच येत नाही. यूएसबी २ ची अर्धा-एक मीटरची एक्स्टेन्शन तार घ्या, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल, आणि डाँगल लॅपटॉपपासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सेटिंग्जमधलं काहीही बदलू नका. तेवढ्यानेही तुटलं, तर बॅकअप जेवणाच्या सुट्टीत लावा.